किटबॅगेवरची एम्ब्रॉयडरी सरकते, धागा तुटतो, खाली गुंता होतो : तपासणी कुठून सुरू करायची

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम जवळ आला की तालीम मंडळांच्या संघांच्या किटबॅगा भरतकामाला येतात. शाळांच्या कबड्डी आणि खो-खो संघांच्या वर्षभर येतच असतात. बॅगा तयार शिवलेल्या असतात, बऱ्याच मेरठ-जालंधरकडच्या. वर संघाचं बोधचिन्ह आणि खाली खेळाडूचं नाव हवं असतं. टी-शर्टवर दिवसभर बिनतक्रार चालणारं मशीन बॅग लावली की अडायला लागतं. मग कारागीर पहिल्यांदा धाग्याचा ताण ठरवणाऱ्या टेन्शनच्या चकत्या पिळतो आणि दुसऱ्यांदा म्हणतो की टायमिंग, म्हणजे सुई आणि खालून तिचा धागा पकडणारा हुक यांचा मेळ, गेलंय.

बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतं. बॅग जड असते, फुगीर असते, फोममुळे सुईबरोबर उसळते आणि कापड ताणून धरणाऱ्या फ्रेमला नीट धरू देत नाही. म्हणून बॅगेवर दोष आला की मशीनला हात लावायच्या आधी बॅग कशी धरली आहे ते बघायचं. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे : आधी फुकटातलं, मग चार पैशांचं, शेवटी खर्चाचं. हे सगळं मोकळ्या आर्मच्या (ज्या अरुंद दांड्यावर बंद बॅग चढवता येते अशा), एका हेडच्या, बारा-पंधरा सुयांच्या मशीनसाठी आहे. सपाट बेडच्या घरगुती मशीनवर बंद किटबॅग बसतच नाही, तिथे सरळ शेवटच्या भागातला पॅनेल उसवण्याचा मार्ग धरा.

लक्षणं नीट ओळखा

धागा तुटतोय, तर कुठे तुटतोय? प्रत्येक बॅगेवर डिझाइनच्या त्याच जागी तुटत असेल तर कारण डिझाइनमध्ये आहे, नाहीतर बॅगेच्या त्या जागच्या शिवणीत. कुठेही तुटत असेल तर सुई, धाग्याची वाट किंवा बॅगेची उसळी. तुटलेलं टोक चिमटीत धरून उजेडात बघा. पिंजलेलं असेल तर धागा सुईच्या नेढ्यात घासला जातोय. स्वच्छ कापल्यासारखं असेल तर ताण जास्त आहे किंवा वाटेत कुठेतरी धार लागतेय. टोकाला बारीक कडक गोळी असेल तर धागा वितळलाय.

खाली गुंता होतोय, म्हणजे निडल प्लेटखाली (सुई ज्या भोकातून खाली उतरते त्या पट्टीखाली) वरच्या धाग्याचा गोळा जमून बॅग प्लेटला अडकून बसते. हे बॉबिनचं, म्हणजे खालच्या धाग्याचं, काम वाटतं, पण गुंता वरच्या धाग्याचा असतो. वरचा धागा चकत्यांत नीट बसलेला नसणं किंवा कापडाची उसळी, ही त्याची नेहमीची दोन कारणं.

डिझाइन सरकतंय, तर हळूहळू की एकदम? बॉर्डर भरावापासून थोडी थोडी दूर जात असेल आणि तीही नेहमी एकाच बाजूला, तर बॅगेचं वजन ओढतंय किंवा बॅग फ्रेममधून निसटतेय. एका टाक्यापर्यंत सगळं बरोबर आणि पुढचं सगळंच्या सगळं बाजूला गेलेलं असेल तर फ्रेम किंवा बॅग कशाला तरी आदळली आहे.

सुई तुटतेय किंवा वाकतेय. गोल बोधचिन्ह अंडाकृती होतंय, भोवती चुण्या पडतायत. आणि आपल्या लिपीतलं खास लक्षण : शिरोरेषा आणि अक्षराचा दंड यांच्यात फट दिसतेय, किंवा शिरोरेषा लाटेसारखी वरखाली झालीय.

फुकटातली तपासणी

बॅग पूर्ण रिकामी करा. तळाशी घातलेलं पुठ्ठ्याचं किंवा प्लास्टिकचं फळकूट काढून ठेवा. चेन शेवटपर्यंत उघडा, पट्टे गुंडाळून कापडी फितीने बांधा. लोंबणारा पट्टा मशीनच्या स्टँडला एकदा अडकला तरी डिझाइन गेलं, शिवाय बक्कल निडल प्लेटवर आपटलं तर नुकसान वेगळंच.

मग आत हात घालून अस्तर चाचपा. पॅनेलच्या मागे आतला खिसा आहे का? अस्तर सैल आहे का? सैल अस्तराची घडी सुईखाली आली की तिथे जाडी दुप्पट होते आणि धागा नेमका त्याच जागी तुटतो. वर आतला खिसा शिवला जातो तो निराळाच. अस्तर बाजूला घेता येत असेल तर घ्या. नसेल तर पॅनेलसोबत ताणून, मुद्दाम एकत्र धरा. अर्धवट सैल ठेवू नका.

आता ट्रेस. डिझाइनच्या चारही कडांवरून फ्रेम फिरवून बघणं टी-शर्टवर घाईत टळतं, बॅगेवर टाळायचंच नाही. ट्रेस चालू असताना सुईपेक्षा बॅगेच्या मागच्या भागाकडे लक्ष ठेवा. फ्रेम मागे सरकते तेव्हा बॅगेचा ढीग मशीनच्या अंगावर दाबला जातो का? चेनचा धातूचा सरक, पायपिंग किंवा जाड शिवण प्रेसर फूटच्या (सुईभोवती कापड दाबणाऱ्या पायाच्या) वाटेत येते का? त्यांच्यापासून बोटभर तरी अंतर हवं. नसेल तर डिझाइन लहान करा किंवा वर सरकवा. गिऱ्हाइकाला फोन करून विचारायला संकोच वाटू देऊ नका. सुई चेनवर आदळली तर तुटलेला तुकडा उडतो. डोळ्यांवर साधा पारदर्शक चष्मा असलेला बरा.

आधार. ही एक गोष्ट सुधारली की निम्मे दोष जागेवर थांबतात, म्हणून इथे जरा थांबतो. फ्रेम हलवणारी यंत्रणा हलकं कापड ओढण्यासाठी असते. ती सेकंदाला अनेक वेळा पुढे-मागे, डावी-उजवीकडे झटके देते. बॅग फ्रेममधून खाली लोंबत असेल तर प्रत्येक झटक्याबरोबर बॅग मागून हेलकावा घेते आणि टाका पडायच्या क्षणी कापड ठरलेल्या जागी नसतं. एकेक हेलकावा केसभर असतो, पण हजारो टाक्यांत ते साचत जातं आणि बॉर्डर खाली उतरते. उपाय म्हणजे आर्मच्या उंचीइतकं टेबल. प्लायवूडचा तुकडा, वर सनमायका, खाली चार पाय, जवळचा सुतार अर्ध्या दिवसात करून देतो. पृष्ठभाग गुळगुळीत हवा, कारण बॅग त्यावर सरकली पाहिजे. उंची आर्मपेक्षा कमी असेल तर वजन लोंबतंच, जास्त असेल तर बॅग वर ढकलली जाऊन फ्रेम तिरकी होते.

टेबल नाही म्हणून हाताने बॅग उचलून धरणं बऱ्याच ठिकाणी बघतो. कृपा करून हे करू नका. हात फ्रेमच्या चालीला विरोध करतो, त्यामुळे सरकणं वाढतं. आणि सुई बोटातून जायला एक क्षण पुरतो.

खडूची परीक्षा. काय सरकतंय हे कळलं नाही तर बाकी सगळे उपाय अंदाजाने होतात. बॅग फ्रेममध्ये लावल्यावर फ्रेमच्या कडेवरून बॅगेच्या कापडावर उतरणारी एक सरळ रेघ शिंप्याच्या खडूने ओढा. चारही बाजूंना एकेक. सुरुवातीच्या बिंदूवर, सुईच्या बरोबर खाली, छोटी फुली करा. डिझाइन संपल्यावर मशीन सुरुवातीच्या बिंदूवर परत येईल अशी सेटिंग ठेवा. काम झालं की बॅग न हलवता बघा. फ्रेमवरची आणि कापडावरची रेघ एकमेकींपासून सुटली असेल तर बॅग फ्रेममध्ये निसटली : पकड सुधारा. रेघा जुळतायत पण सुई फुलीवर परत आलेली नाही, तर फ्रेम हलवणारी यंत्रणा जागा चुकली : वजन, अडथळा किंवा वेग बघा. दोन्ही ठीक असूनही बॉर्डर सुटली असेल तर दोष डिझाइनच्या मांडणीत किंवा बॅकिंगमध्ये, म्हणजे कापडाखाली लावलेल्या आधाराच्या थरात, आहे. या परीक्षेला खर्च काही नाही, आणि मेकॅनिकला बोलवायचं की नाही याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

वेग. टी-शर्टवर मिनिटाला ८०० ते ९०० टाके चालवत असाल तर बॅगेवर ५०० ते ६५० वर या. हळू चालवल्याने हेलकावा कमी होतो आणि सुई कमी तापते. किटबॅगेचं कापड बहुधा ६०० किंवा १६८० डेनियरचं (हे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिएस्टर असतं आणि त्याच्या पाठीला पीयू किंवा पीव्हीसीचा थर असतो. वेगात चालणारी सुई घर्षणाने तापते, तो थर मऊ पडून नेढ्यात चिकटतो आणि धागा अडून तुटतो. टोकाची ती कडक गोळी इथूनच येते. एक बॅग दोन-चार मिनिटं उशिरा उतरली तर चालतं, वाया गेलेली बॅग मात्र भरून द्यावी लागते.

चार पैशांची तपासणी

सुई बदला. दिसायला चांगली असली तरी बदला. थर असलेल्या कापडावर टोक लवकर बोथटतं, आणि बोथट सुई कापड भोसकण्याऐवजी आधी खाली दाबते, मग वर उचलते. टी-शर्टसाठी ७५/११ नंबरची गोल टोकाची सुई लावलेली असते. बॅगेला धारदार टोकाची ८०/१२ लावा, १६८० डेनियर आणि फोम असेल तर ९०/१४. या मशीनना बहुधा डीबी×के५ जातीची सुई लागते. तिचं नेढं साध्या शिलाईच्या सुईपेक्षा मोठं असतं आणि भरतकामाचा धागा त्यातून मोकळा जातो. पुडीवर नीट वाचून घ्या. बसवताना सुई पूर्ण वरपर्यंत गेली पाहिजे, लांब खाच समोर आणि खोलगट भाग मागे हुककडे. थोडी जरी फिरलेली असली तरी टाके सुटतात. चिकट बॅकिंग वापरत असाल तर नेढ्यात गोंद जमतो, तो मशीन बंद करून स्पिरिटच्या बोळ्याने पुसत राहा.

जुनी सुई तुटली असेल तर तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत काम पुढे नेऊ नका. तुकडे कागदावर जुळवून सुई पूर्ण होते का बघा. या बॅगेत उद्या एखादी शाळकरी मुलगी बूट काढायला हात घालणार आहे.

धाग्याची वाट : कोनापासून नेढ्यापर्यंत धागा काढून पुन्हा ओवा. चकत्यांमध्ये तो खरंच बसलाय का हे हाताने ओढून बघा. चकत्यांत अडकलेला कचरा कागदाच्या कडेने काढा. बॉबिन केसच्या पातीखाली साचलेली लव काढा, हुकभोवतीचा भुसा ब्रशने झाडा आणि हुकला तेलाचा एक थेंब द्या. जास्त नको, बॅगेवर डाग पडतो.

बॉबिनचा ताण बघायला केस धाग्याला लटकवा. आपोआप सरसर खाली आली तर सैल. हलका झटका दिल्यावर थोडी उतरून थांबली तर ठीक. मापकाने बघणाऱ्यांसाठी, साधारण १८ ते २२ ग्रॅम. मग सॅटिनच्या, म्हणजे एकमेकांना लागून घातलेल्या आडव्या टाक्यांच्या, पट्टीची उलटी बाजू बघा. मधला एक तृतीयांश भाग बॉबिनचा पांढरा धागा आणि दोन्ही कडांना वरचा रंग दिसला की ताण बरोबर आहे, तिथे पुन्हा हात लावू नका.

इथपर्यंत करूनही दोष येत असेल तर तेच डिझाइन जीन्सच्या दोन पदरी तुकड्यावर, साध्या फ्रेममध्ये, बॅकिंग लावून काढा. स्वच्छ आलं तर मशीन निर्दोष आहे आणि पुढचं काम बॅगेच्या पकडीवर करायचं. जीन्सवरही तोच दोष आला तर पकडीवर वेळ घालवू नका, डिझाइन तपासा आणि मग मशीन.

पकड आणि बॅकिंग

फोम लावलेलं पॅनेल गोल रिंगमध्ये कोंबायचा प्रयत्न बहुतेक जण करतात. आतली रिंग जोराने दाबली की फोम दबतो, थोड्या वेळाने पुन्हा फुगतो आणि रिंगला वर ढकलतो. मधेच रिंग सुटण्याचं कारण हेच. शिवाय रिंगचा वळ कापडावर कायमचा राहतो. जाड शिवण रिंगच्या कडेखाली आली तर तिच्या दोन्ही बाजूंना पोकळी राहते आणि तिथून कापड निसटतं. म्हणून बॅग अशी लावा की शिवण पूर्ण आत राहील किंवा पूर्ण बाहेर.

बॅग रिंगमध्ये बसतच नसेल तर चिकट बॅकिंग फ्रेममध्ये ताणून बसवा आणि पॅनेल त्यावर दाबून चिकटवा. चिकटवल्यावर डिझाइनच्या भोवती मोठ्या टाक्यांची चौकट मारून घ्या. ही चौकट बॅग आणि बॅकिंग एकत्र बांधते, नंतर उसवून टाकता येते. पीव्हीसीवर मात्र सुईची भोकं बुजत नाहीत, तिथे चौकट बोधचिन्हाच्या आतच, भरावाखाली झाकली जाईल अशी ठेवा.

फाडून काढायचा कागद एकटा पुरत नाही. बोधचिन्हात भराव जास्त असेल तर खाली कापून काढायचं बॅकिंग लावा. फाडायचा कागद टाक्यांनी टोचला जाऊन काम अर्धं असतानाच फाटतो आणि त्यापुढचा भराव आधाराशिवाय पडतो. नुसतं नाव असेल, तेही कडक १६८० डेनियरवर, तर कागदाचे दोन थर चालून जातात.

प्रेसर फूटची उंची : सुई सगळ्यात खाली असताना फूट कापडाला जेमतेम टेकला पाहिजे. वर राहिला तर सुई वर जाताना कापडही तिच्याबरोबर उचललं जातं, वरच्या धाग्याचा फास नीट तयार होत नाही, हुक तो पकडू शकत नाही. टाके सुटतात, खाली गुंता होतो. खूप खाली असेल तर फूट फोम दाबत बॅगच ढकलत नेतो. पुष्कळ मशीनवर ही उंची पडद्यावरून किंवा एका स्क्रूने बदलते. तुमच्या मशीनच्या पुस्तकात सांगितलेल्या पद्धतीनेच बदला आणि टी-शर्टवर परत जाताना पूर्ववत करा.

डिझाइन, विशेषतः देवनागरी नावं

टी-शर्टसाठी केलेलं पंचिंग, म्हणजे मशीनसाठीची टाक्यांची आखणी, बॅगेवर चढवलं की त्रास ठरलेला. भरावाची घनता, म्हणजे टाक्यांच्या ओळींमधलं अंतर, ०.४० मिमी असेल तर ०.४२ ते ०.४५ करा. थर असलेल्या कापडात फार जवळजवळ भोकं पडली तर ते तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. खालचा आधाराचा टाका, म्हणजे अंडरले, मात्र कमी करू नका. कडेचा धावता टाका आणि त्यावर झिगझॅग, असे दोन थर कापडाला बॅकिंगशी बांधून ठेवतात. क्रम मधून बाहेर ठेवा. सगळ्या भरावांनंतर सगळ्या बॉर्डरी असा क्रम असेल तर मधल्या वेळेत बॅग जेवढी सरकली तेवढी फट दिसते. प्रत्येक भागाची बॉर्डर त्याच्या भरावानंतर लगेच घ्या.

देवनागरीत प्रश्न वेगळा आहे आणि तयार फॉन्ट तो सोडवत नाहीत. सॅटिनचे टाके ज्या दिशेने जातात त्या दिशेला कापड आखडतं आणि पट्टीच्या लांबीच्या टोकांकडे बाहेर ढकललं जातं. उभा दंड आडव्या टाक्यांनी बनतो, म्हणून तो रुंदीत आखडतो. शिरोरेषा उभ्या टाक्यांनी बनते, म्हणून ती उंचीत आखडते, म्हणजे तिची खालची कड दंडापासून वर सरते. मध्ये फट दिसणारच. म्हणून दंडाचं टोक शिरोरेषेत अर्धा मिलिमीटर तरी घुसलेलं ठेवा, फोमवर त्याहून थोडं जास्त. शिरोरेषेची जाडी बॅगेसाठी दीड मिलिमीटरपेक्षा कमी नको. रुंदीची भरपाई, म्हणजे आखडण्यापोटी वाढवलेली रुंदी, ०.३ ते ०.४ मिमी द्या.

लांब नावाला एका दमात शिरोरेषा मारू नका. सगळी अक्षरं झाल्यावर शेवटी एकच लांब पट्टी ओढली की तोपर्यंत झालेलं सगळं सरकणं तिच्यात उघडं पडतं. शब्दाच्या मध्यापासून सुरू करून दोन-तीन अक्षरांमागे शिरोरेषेचा तुकडा घ्या, जोड दंडाच्या डोक्यावर ठेवा. तिथे तो दिसत नाही.

अनुस्वार. ‘संघ’, ‘मंडळ’ या शब्दांवर धागा नेमका अनुस्वारावर तुटत असेल तर टेन्शनला दोष देऊ नका. दीड मिलिमीटरच्या टिंबात संगणक सुरुवातीचे आणि शेवटचे बांधणीचे टाके, अंडरले आणि सॅटिन सगळं कोंबतो. सुई त्याच भोकात पुन्हा पुन्हा जाते आणि धागा कापला जातो. टिंब दोन मिलिमीटरच्या वर न्या, त्याचा अंडरले काढा, बांधणीचे टाके एकाच बाजूला ठेवा. ०.५ मिमीपेक्षा लहान टाके गाळून टाका. रफार आणि जोडाक्षरांच्या कोपऱ्यांतही असेच बारीक टाके दडलेले असतात.

अक्षराची उंची शिरोरेषेपासून पायापर्यंत १२ मिलिमीटरच्या आत नको. खेळाडूचं नाव लहान बसवा म्हणणाऱ्याला छापून दाखवा : ‘ध’ आणि ‘घ’ किटबॅगेच्या जाड विणीवर एकसारखे दिसू लागतात. स्वतःचं नाव चुकीचं वाचलं गेलेलं कोणत्याच खेळाडूला आवडत नाही.

खर्चाची पायरी

बॅगांचं काम अधूनमधून असेल तर वरचं सगळं पुरतं. नियमित असेल तर चुंबकाची फ्रेम किंवा बॅगेसाठीची क्लॅम्प फ्रेम घ्या. चुंबकाची फ्रेम जाडीनुसार आपोआप बसते आणि वळ पाडत नाही. क्लॅम्प अरुंद खिशांना आणि बुटांच्या कप्प्याला उपयोगी पडतो. चुंबक फार जोरात मिटतात, बोटं कडेपासून लांब ठेवा. पेसमेकर बसवलेल्या माणसाने ती हाताळू नये. नवी फ्रेम आली की मशीनमध्ये तिचं माप भरल्याशिवाय चालवू नका, नाहीतर सुई सरळ फ्रेमच्या कडेवर उतरते.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

जीन्सच्या तुकड्यावरही टाके सुटतायत, नवी सुई आणि दुसरं, आधी चांगलं चाललेलं डिझाइन लावूनही. सुई निडल प्लेटला किंवा हुकला टेकल्याचा आवाज येतो. हुकच्या टोकाला नखाने खरखर लागते. जोरदार आदळल्यानंतर मशीन वेगळ्या आवाजात चालतं. खडूच्या परीक्षेत, बॅग न लावता नुसत्या बॅकिंगच्या फ्रेमवर, हळू वेगातसुद्धा सुई फुलीवर परत येत नाही. यातलं काहीही असेल तर मशीन बंद करा.

हुकचं टायमिंग, निडल बारची उंची आणि हुक-सुईमधलं अंतर ही तिन्ही मापं एकमेकांवर अवलंबून आहेत. अंतर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यात मोजतात आणि टायमिंगचे अंश प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. व्हिडिओ बघून एक स्क्रू सैल केला की उरलेली दोनही हलतात, मग अर्ध्या तासाचं काम दिवसाचं होतं. मोटरचे ड्राइव्ह आणि वायरिंग तर उघडूच नका.

मेकॅनिकला फोन करताना ‘धागा तुटतो’ एवढंच सांगू नका. कोणत्या सुईवर, कोणत्या टाक्याला, जीन्सवर काय झालं, खडूच्या रेघा जुळल्या का, ते सांगा. बिघडलेली बॅग, तुटलेली सुई आणि धाग्याची टोकं जपून ठेवा.

काही बॅगा मशीनवर घ्यायच्याच नसतात. पॅनेलमागे उसवता न येणारी प्लास्टिकची पाटी, फ्रेमची कडसुद्धा आत जाणार नाही असा खिसा, किंवा पाणी आत न येण्यासाठीच घेतलेली बॅग : प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, कोल्हापूरच्या पावसात ती बॅग झिरपणार. अशा वेळी बोधचिन्ह जाड ट्विलवर पॅच म्हणून काढा आणि बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून जाड शिलाईच्या मशीनवर कडेने बसवून घ्या. पाणी लागणाऱ्या बॅगेला पॅच पट्ट्यावर किंवा बाहेरच्या खिशाच्या झडपेवर लावा, मुख्य पॅनेल भोसकू नका. पॅचने काम होत नसेल तर त्याच कारागिराकडून एका बाजूची शिवण उसवून पॅनेल सपाट करून घ्या, भरतकाम झालं की पुन्हा शिवून घ्या. त्याची मजुरी दर सांगतानाच धरा. मोठी ऑर्डर असेल तर बॅगा शिवण्याआधीच पॅनेल पाठवायला पुरवठादाराला सांगा. सपाट पॅनेलवर वरच्यातला जवळजवळ कोणताच दोष येत नाही.